अमेरिकेतला पहिला ऑक्टोबर: कोरलेला भोपळा आणि पोर्चवरची सजावट खारी, चिलटं, उंदरांपासून कशी वाचवायची

न्यू जर्सीतल्या आमच्या पहिल्या ऑक्टोबरात मुलीनं बारा तारखेलाच भोपळा कोरला. दोन तिरपे डोळे, त्रिकोणी नाक, तीन दात. दुपारभर बसून केलेलं काम. पंधराच्या सकाळी शाळेला निघताना दार उघडलं, तर नाकाच्या जागी मुठीएवढं भगदाड, पायरीभर बियांची टरफलं आणि कठड्यावर शेपटी उभारून बसलेली खार. मुलगी तिथंच पायरीवर बसून रडली. हे भोपळे ज्या सणासाठी कोरतात त्या हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, अजून सोळा दिवस होते.

कोरलेला भोपळा आपल्याला सजावट वाटतो. खारीला, चिलटाला आणि बुरशीला ते चिरून ठेवलेलं फळ आहे. चिरलेलं कलिंगड आपण चार दिवस ओट्यावर ठेवत नाही, मग हा भोपळा तीन आठवडे उन्हात कसा टिकेल? म्हणून आधी तीन गोष्टी ठरवायच्या: कोरायचा कधी, कोरडा ठेवायचा कसा आणि उचलायचा कधी. फवारे, तिखट, सापळे हे सगळं त्यानंतरचं. नव्यानं आलेल्या घरांमध्ये मी बघते, तिथं सुरुवात फवाऱ्यापासून होते आणि भोपळा हॅलोविनच्या आधीच खचतो.

इथं लिहिलेलं सगळं आमच्या ईशान्येकडच्या हवेतलं आहे. टेक्सास किंवा फ्लोरिडात ऑक्टोबर उकाड्याचा असतो. तिथं कोरलेल्या भोपळ्याचं आयुष्य याहून कमी धरा.

भोपळा आणताना

कोरण्यासाठी विकतात तो मोठा नारिंगी भोपळा वेगळा आणि आपण घारग्यांना वापरतो तो लाल भोपळा वेगळा. कोरायचा भोपळा पाणचट आणि दोऱ्यादोऱ्यांचा असतो. त्याचे घारगे करून बघितले, तर गूळ घालूनही चव येत नाही. घारग्यांना छोटे ‘शुगर पंपकिन’ किंवा बटरनट घ्या आणि ते स्वयंपाकघरातच ठेवा.

शेतावर जाऊन निवडायला मिळालं तर उत्तम. नखानं साल दाबून बघा. नख सहज रुतलं तर भोपळा कोवळा आहे, टिकणार नाही. बूड उलटं करून बघा, कारण मऊ डाग बहुधा जमिनीला टेकलेल्या बाजूलाच असतो. देठ हिरवट, घट्ट आणि पूर्ण हवा. देठाला धरून भोपळा उचलायचा नाही. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, कारण सगळ्यांचा हात तिथंच जातो. देठ तुटला की उरलेल्या खळग्यातून कूज आत शिरते.

घरी आणल्यावर साबणाच्या पाण्यानं पुसून माती काढा आणि कोरडा करा. अख्खा, धडधाकट भोपळा थंड, कोरड्या जागी, म्हणजे साधारण ५० ते ५५ अंश फॅरनहाइटला (१० ते १३ अंश सेल्सिअस) दोन-तीन महिने आरामात राहतो. पोर्चवर ठेवायचा असेल तर थेट सिमेंटवर टेकवू नका. खाली लाकडाच्या दोन पट्ट्या किंवा जाड पुठ्ठा सरकवा, म्हणजे बुडाखालून हवा खेळेल. दुपारचं ऊन येत नाही असा कोपरा निवडा. आणि पहाटे तापमान ३२ फॅरनहाइटच्या (० सेल्सिअस) खाली जाणार असा अंदाज असेल, त्या रात्री भोपळे आत घ्या. एकदा गोठून पुन्हा वितळलेला भोपळा आतून लगदा होतो.

अख्ख्या भोपळ्यावर खारी येत नाहीत असं नाही, पण कमी येतात. वास आत बंद असतो. म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीला पोर्च सजवायचा असेल तर अख्खे भोपळे मांडा, त्यावर अ‍ॅक्रिलिक रंगानं चेहरे रंगवा, हवं तर वारली माणसं काढा. कोरणं मागाहून.

कोरायचा कधी आणि कसा

कोरलेला भोपळा साधारण तीन ते सात दिवस धड राहतो. हवा थंड असेल तर दहा दिवसांपर्यंत. म्हणजे ३१ ऑक्टोबरसाठी २८ किंवा २९ला कोरायचा. मुलं ऐकत नसतील तर आधीच्या शनिवार-रविवारी, त्याच्या मागे नाही. या लेखातली एकच सूचना पाळायची असेल तर ही पाळा.

आपल्याकडे अख्खा भोपळा किंवा कोहळा बाईनं पहिल्यांदा चिरू नये, आधी पुरुषाच्या हातानं चीर द्यावी, असं घराघरांत सांगतात. आमच्याकडे ती पहिली चीर नवरा देतो आणि पुढचं सगळं मुलगी करते. सासूबाई व्हिडिओ कॉलवर बघत असतात, त्यांनाही बरं वाटतं.

सगळे झाकण वरून कापतात. मी मागच्या बाजूनं गोल भोक पाडते. देठ शाबूत राहतो, झाकण आत खचत नाही, पावसाचं पाणी वरून शिरत नाही आणि हात घालून दिवा ठेवायला सोपं जातं. भोक पाडलं की आतला गर, दोरे, बिया सगळं काढायचं. इथं आळस करू नका. बुरशी पहिल्यांदा धरते ती त्या लोंबणाऱ्या दोऱ्यांवर, आणि चिलटांनाही तोच ओला भाग लागतो. आइस्क्रीमचा मजबूत चमचा घेऊन भिंती खरवडा. सुमारे इंचभर जाडी राहिली पाहिजे आणि आतला पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागला पाहिजे. त्याहून पातळ केलात तर चेहरा लवकर सुरकुततो.

बिया टाकू नका. त्याच दिवशी धुऊन, पुसून, मीठ-तिखट लावून ओव्हनमध्ये भाजा. मात्र दिवा लावून बाहेर ठेवलेल्या भोपळ्यातलं नंतर काहीही खायचं नाही.

आता धुणं. एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाण्यात एक टेबलस्पून साधं ब्लीच. कपड्यांचं, वास न घातलेलं. मोठ्या बादलीत हे पाणी करून कोरलेला भोपळा दहा-पंधरा मिनिटं बुडवा. बादली लहान असेल तर फवारणीच्या बाटलीत भरून आतून, आणि विशेषतः कापलेल्या कडांवर, फवारा. मग तोंड खाली करून वर्तमानपत्रावर ठेवा आणि पूर्ण वाळू द्या. रात्रभर लागला तरी चालेल. ब्लीच बुरशी आणि जिवाणू मारतं, पण ओला भोपळा तसाच बाहेर ठेवलात तर सगळी मेहनत वाया.

एक गोष्ट फार गांभीर्यानं सांगते. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा अमोनिया असलेलं कुठलंही क्लीनर मिसळू नका. व्हिनेगरबरोबर क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाबरोबर क्लोरामाइन. दोन्ही फुप्फुसाला घातक. इंटरनेटवर भोपळ्यासाठी व्हिनेगरचेही उपाय सापडतात आणि ‘दोन्ही थोडं थोडं’ असं वाटू शकतं. दोन्हीपैकी एकच. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला, मुलांना त्या खोलीतून बाहेर काढा.

वाळल्यावर कापलेल्या कडांना पातळ थर व्हॅसलीनचा. त्यानं ओलावा टिकतो आणि कडा आत वळत नाहीत. फक्त कडांनाच, आणि आत मेणबत्ती लावणार नसाल तरच. व्हॅसलीन पेट घेतं. हेअरस्प्रे आणि वार्निश मारायचा सल्लाही ऐकाल. दोन्ही ज्वालाग्राही आहेत, मी ते वापरत नाही. आणि खरं सांगायचं तर मेणबत्तीच नको. ज्योतीच्या उष्णतेनं भोपळा आतून शिजतो, वास दुप्पट होतो आणि तो वास सगळ्यांना आमंत्रण देतो. बॅटरीवरचे एलईडी दिवे घ्या. पोर्चवर मुलांचे लांब झगे आणि केप फिरत असतात, त्यामुळेही हेच बरं.

रात्री शक्य असेल तर भोपळा गॅरेजमध्ये घ्या. छोटा असेल तर पिशवीत घालून फ्रिजमध्ये. दोन-तीन दिवस सहज वाढतात.

खारी

इथली राखाडी खार आपल्या पाठीवरच्या तीन पट्ट्यांच्या खारीपेक्षा चांगली दुप्पट मोठी असते आणि ऑक्टोबर हा तिचा साठवणीचा महिना. हिवाळ्यासाठी अक्रोड, ओकची फळं, बिया ती जागोजागी पुरत असते. तुमचा भोपळा तिला बियांचं कोठार वाटतो. हे समजून घेतलं की राग थोडा कमी होतो.

उपाय तिखटाचा, आणि तो का चालतो हे माहीत असावं. मिरचीतलं कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांच्या तोंडाला झोंबतं, पक्ष्यांना ते जाणवतच नाही. म्हणून तिखटानं खार, चिपमंक, हरीण, रकून लांब राहतात. कावळे आणि ब्लू जे लांब राहणार नाहीत, पण पोर्चवर ते फारसे उपद्रव देतही नाहीत.

कृती अशी: दोन मोठे चमचे लाल तिखट दोन कप पाण्यात उकळा, गार करून कापडातून दोनदा गाळा, नाहीतर बाटलीचं तोंड बंद होतं. त्यात भांडी घासायच्या साबणाचे चार-पाच थेंब घाला, म्हणजे सालीवर चिकटेल. डोळ्यांना चश्मा, हाताला मोजे, वाऱ्याची दिशा बघून फवारा. आतून, कडांवर आणि देठाभोवती. आपलं संकेश्वरी तिखट छान चालतं. पाऊस पडला की पुन्हा मारायचं. कोरडं तिखट वरून भुरभुरवू नका. ते उडतं, आणि हॅलोविनच्या संध्याकाळी शेजारच्या तीन वर्षांच्या पोराचा हात आधी भोपळ्याला आणि मग डोळ्याला लागतो. ३१ तारखेला पाहुणे यायच्या आधी भोपळ्याचा बाहेरचा भाग ओल्या फडक्यानं पुसून घ्या. घरात कुत्रा असेल तर त्यालाही लांब ठेवा.

आणखी दोन साध्या गोष्टी. पोर्चजवळ पक्ष्यांच्या दाण्याचं खाद्यपात्र टांगलेलं असेल तर त्या महिन्यात ते काढा किंवा परसात लांब न्या. खाली सांडलेल्या दाण्यामुळेच खारींना तुमच्या घराची वाट पाठ झालेली असते. आणि भोपळा कठड्यावर, झाडाच्या फांदीखाली ठेवू नका. दाराजवळ, माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवा.

माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजानं प्राणी पळवतात म्हणून विकली जाणारी ‘अल्ट्रासोनिक’ यंत्रं घ्यायची का, असं मला दरवर्षी कोणीतरी विचारतं. खोट्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००१ मध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून अधिक कंपन्यांना इशारेपत्रं पाठवली होती, कारण त्यांच्या दाव्यांना पुरावा नव्हता. ते पैसे एलईडी दिव्यांना लावा.

खारी वायरी कुरतडतात. सजावटीची लाइट लावताना वायर रोज एकदा नजरेखालून घाला, आतली तांब्याची तार दिसली तर ती माळ फेकून द्या, आणि बाहेरच्या प्लगला जीएफसीआय आउटलेटच, म्हणजे वीज गळली की आपोआप बंद होणारं, वापरा.

घरातली चिलटं आणि मुंग्या

भोपळा आत टेबलावर ठेवला की चौथ्या-पाचव्या दिवशी चिलटं दिसतात. त्यांना इंग्रजीत फ्रूट फ्लाय म्हणतात. मॅनहॅटनमध्ये कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांनी याच माशीवर १९१०च्या सुमारास आनुवंशिकतेचा अभ्यास सुरू केला आणि १९३३चं नोबेल मिळवलं. त्यांनी ती निवडली, त्यामागे तिचा वेग होता, आणि आपली अडचणही तीच आहे. उबदार खोलीत अंड्यापासून माशी व्हायला आठ ते दहा दिवस पुरतात आणि एक मादी काही शे अंडी घालते. म्हणजे ‘दोनच तर आहेत’ म्हणून सोडलं की दिवाळीच्या फराळावर थवा.

चिलटं मारण्याआधी त्यांचं घर काढा. कोरताना निघालेला गर रात्रभर स्वयंपाकघराच्या कचऱ्यात ठेवू नका. पिशवीला गाठ मारून लगेच बाहेर. कोरलेला भोपळा घरात नकोच. केळी, टोमॅटो आठवडाभर फ्रिजमध्ये. सिंकच्या जाळीत अडकलेला गर काढा. मग सापळा: पेल्यात बोटभर अ‍ॅपल सायडर व्हिनेगर, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. वासानं चिलट येतं, साबणामुळे पाण्याचा ताण मोडलेला असतो, त्यामुळे ते तरंगत नाही, बुडतं. दर दोन-तीन दिवसांनी बदला, आणि चिलटं दिसेनाशी झाली तरी दोन आठवडे सापळा हलवू नका, कारण अंडी मागे राहिलेली असतात.

मुंग्यांसाठी भोपळ्यातून गळलेला चिकट रस साबणाच्या पाण्यानं पुसा. रांग कुठून येते ते शोधा आणि तिथं मुंग्यांचं विषारी आमिष (इंग्रजीत ‘बेट’) ठेवा. रांगेवर फवारा मारलात तर समोरच्या मरतात, वारूळ तसंच राहतं.

पोर्चवर दुपारी पिवळ्या गांधीलमाश्या घोंगावतात. या ऋतूत त्या गोडाच्या मागे असतात. पहिल्या कडक थंडीत त्यांचं पोळं संपतं. तोवर कापलेला भोपळा आणि सायडरचे उघडे पेले दुपारी बाहेर ठेवू नका, एवढंच.

मक्याची कणसं आणि गवताचे भारे

दारावर टांगतात ती रंगीबेरंगी सुकी कणसं फार देखणी दिसतात. लोक त्यांना ‘इंडियन कॉर्न’ म्हणतात. त्यात बऱ्याचदा आधीच पाखरं किंवा सोंड्यांची अंडी असतात. या पाखराला इथं ‘इंडियन मील मॉथ’ म्हणतात. त्यातल्या इंडियनचा आपल्या देशाशी संबंध नाही, मक्याच्या पिठाला पूर्वी अमेरिकेत ‘इंडियन मील’ म्हणत. आपल्या स्वयंपाकघराशी मात्र थेट संबंध आहे, कारण हीच पाखरं कणकेला, रव्याला, बेसनाला जाळी लावतात. नवीन माणसं कणसं विकत आणून पॅन्ट्रीच्या दाराला टांगतात, आणि नोव्हेंबरात वीस पौंडांची कणीक टाकावी लागते.

म्हणून कणसं घरी आणली की आधी झिपच्या पिशवीत घालून शून्य फॅरनहाइटच्या (उणे १८ सेल्सिअस) फ्रीजरमध्ये निदान चार दिवस, शक्यतो आठवडाभर ठेवा. काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडा, नाहीतर दव धरून कणसं ओली होतात. घराच्या आत टांगायची असतील तर कणीक, तांदूळ, डाळी घट्ट झाकणाच्या बरण्यांत हव्यातच.

गवताचा भारा घ्यायचा तर ‘स्ट्रॉ’ घ्या, ‘हे’ नको. स्ट्रॉ म्हणजे दाणे काढून उरलेला पेंढा. ‘हे’मध्ये गवताची कणसं, बिया राहतात आणि उंदरांना घर आणि जेवण दोन्ही एकाच जागी मिळतं. भारा भिंतीला टेकवू नका, दोन-तीन फूट सोडून ठेवा, आणि थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरअखेरपर्यंत, रेंगाळू देऊ नका.

घरात उंदीर शिरायला पाव इंच फट पुरते. पेन्सिल जाईल एवढी. गॅरेजच्या दाराचं खालचं रबर, पाइप आत येतात ती भोकं, ड्रायरचा व्हेंट हे सगळं ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बघून घ्या. भोकात तारेची घासणी, म्हणजे स्टील वूल, कोंबा आणि वरून सिलिकॉन भरा. नुसतं सिलिकॉन उंदीर कुरतडतो.

काढायची वेळ

१ नोव्हेंबरला भोपळ्याला हात लावून बघा. मऊ लागला, आत बुरशीचे काळे किंवा पांढरे केस दिसले, बूड ओलं झालं, तर त्याच दिवशी उचला. खाली फावडं सरकवून उचला, हातात घेतलात तर फुटतो. लाकडी पायरीवर राहिलेला रस धुऊन टाका, त्याचा डाग पडतो आणि मुंग्या वसंतात त्याच जागी येतात.

न रंगवलेला भोपळा परसातल्या कंपोस्टमध्ये तुकडे करून, वर वाळक्या पानांचा थर देऊन टाका. बिया आधी काढा, नाहीतर पुढच्या जूनमध्ये वेल उगवतो. (एका मैत्रिणीनं तो मुद्दाम वाढू दिला आणि फुलांची भजी केली. तेही चालेल.) मेण, स्टिकर, रंग असलेला भोपळा कचऱ्यात. गावाची पालापाचोळ्याची गाडी भोपळे घेते की नाही, हे तुमच्या टाउनशिपच्या पत्रकात बघा, प्रत्येक गावाचा नियम वेगळा.

‘जंगलात टाकू, हरणं खातील’ असं वाटतं आणि हेतू चांगला असतो. पण त्यानं प्राणी रस्त्याकडे आणि घरांकडे येतात, आणि न्यू जर्सीत अस्वलांना खाऊ घालणं कायद्यानं बंद आहे. उत्तरेकडच्या तालुक्यांत तर अस्वलं खरोखर पोर्चपर्यंत येतात.

दिवाळीची सजावट आणि पुढच्या वर्षासाठी ठेवण

२०२४मध्ये हॅलोविन आणि नरकचतुर्दशी एकाच दिवशी आली. पहाटे अभ्यंगस्नान, संध्याकाळी चॉकलेटं. बहुतेक वर्षी दोन्ही सण पुढेमागे असतात आणि पोर्च एकच असतो, त्यामुळे हे वेगळं करून चालत नाही.

पणतीतलं उरलेलं तेल-तूप रात्री बाहेर ठेवू नका. उंदीर आणि रकून तुपात भिजलेली वात ओढून नेतात, धुमसती वात असेल तर ते भीतीदायकही आहे. महाराष्ट्रात रांगोळी दगडाच्या भुकटीची असते, तिला मुंगी लागत नाही. इथं ती संपली की लोक तांदळाचं पीठ वापरतात, त्याला मात्र लागते. मुलांनी अंगणात किल्ला केला असेल तर वर पेरलेले अळीव उगवेपर्यंत बारीक जाळी घाला, नाहीतर खारी एका दुपारीत गड खणून काढतात.

आवरताना बाहेर राहिलेली प्रत्येक वस्तू उलटीपालटी करून बघा. पूर्व किनाऱ्यावर राहत असाल तर स्पॉटेड लँटर्नफ्लायची अंडी शोधा. झाडांचा रस शोषणारा हा परदेशी किडा अमेरिकेत २०१४मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीत पहिल्यांदा सापडला आणि तिथून पसरला. सप्टेंबरपासून कडक थंडी पडेपर्यंत तो कशावरही अंडी घालतो: खुर्ची, कुंडी, भोपळ्याची प्लास्टिकची प्रतिकृती, कंदिलाची चौकट. अंड्यांचा पुंजका वाळलेल्या राखाडी चिखलाच्या ठिपक्यासारखा दिसतो, इंचभर लांब, आत ३० ते ५० अंडी. जुन्या क्रेडिट कार्डानं खरवडून झिपच्या पिशवीत हँड सॅनिटायझरमध्ये बुडवा. दुसऱ्या राज्यात घर हलवत असाल तर हे नक्की करा.

तपकिरी, ढालीसारखा ढेकण्या किडा, स्टिंक बग, हाही याच दिवसांत घरात शिरतो आणि खोक्यांच्या घड्यांत दडतो. पूर्व आशियातला हा किडा अमेरिकेत पहिल्यांदा १९९८मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनला मिळाला. चिरडला की कोथिंबिरीच्या जवळचा उग्र वास सुटतो. चिरडू नका, साबणाच्या पाण्यात ढकला.

ठेवायचं कशात? पुठ्ठ्याच्या खोक्यात नको. पुठ्ठा ओल धरतो, आणि कसर, झुरळं त्याचा डिंकही खातात. रबराची कड असलेले प्लास्टिकचे डबे घ्या. कागदी आकाशकंदील खळीनं चिकटवलेला असेल तर कसरीला ती खळ फार आवडते. पुढच्या वर्षी साधा पांढरा क्राफ्ट ग्लू वापरा. रेशमी तोरण, पैठणीच्या काठाची झालर, लोकरीची फुलं यांना कार्पेट बीटलच्या अळ्या खातात, कारण त्यांना रेशीम आणि लोकर पचते. सुती किंवा पॉलिएस्टरला त्या सहसा तोंड लावत नाहीत, पण तेलाचा, कुंकवाच्या बोटाचा डाग असेल तर तिथं भोक पडतं. म्हणून धुऊन, पूर्ण वाळवून मगच घडी. खऱ्या झेंडूची फुलं टाकून द्या. पणत्या गरम साबणाच्या पाण्यात घासून दोन दिवस वाळवा. माती तेल शोषून ठेवते आणि खवट तेलाचा वास उंदराला बेसमेंटच्या दुसऱ्या टोकाहून येतो.

आई डब्यात डांबराच्या गोळ्या टाकायची, तसं इथं सहज करू नका. अमेरिकेत त्या कीटकनाशक म्हणून नोंदलेल्या आहेत आणि फक्त घट्ट बंद डब्यात वापरायच्या असतात. अ‍ॅटिकमध्ये किंवा झुडपांत खारींसाठी टाकणं बेकायदा आहे. या गोळ्यांतल्या नॅप्थलीनच्या वाफेनं जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात, आणि आपल्या लोकांत ही कमतरता असते. घरात तान्हं असेल तर गोळ्या आणूच नका. बेसमेंटमध्ये डीह्युमिडिफायर लावून ओलावा ५० टक्क्यांखाली ठेवा. कसरीवर तो गोळ्यांपेक्षा जास्त चालतो.

डबा उघडल्यावर उंदराच्या लेंड्या दिसल्या तर झाडू किंवा व्हॅक्यूम नको, धूळ नाकात जाते. हातमोजे घाला, एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी असं मिश्रण फवारा, पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदी टॉवेलनं उचलून पिशवीत बंद करा.

प्रत्येक डब्यावर आत काय आहे ते लिहून, डबे फरशीपासून वर, फळीवर ठेवा. आमच्याकडे वर्षातून दोनदा ते उघडतात: एकदा एप्रिलमध्ये, लँटर्नफ्लायची अंडी फुटायच्या आधी, आणि एकदा गणपतीच्या आठवड्यात, मखराचं सामान काढताना. गेल्या वेळी मुलीनं स्वतःहून कंदिलाची चौकट उलटी केली, मागे राखाडी ठिपका सापडला, आणि ती सॅनिटायझरची बाटली आणायला धावली.